जुनी विंडोज टाकताना निळी स्क्रीन आली तर: एरर कोड वाचायचे कसे, सोडवायचे कसे

ओळखीच्या एका छापखान्यात अजून एक्सपीचं मशीन आहे. जुन्या पेजमेकरच्या फाइली, त्या काळचे मराठी फॉन्ट आणि प्रिंटरच्या (पॅरलल) पोर्टला खोचलेला डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर उघडायला लागणारी किल्ली. तो डोंगल नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून मालक एक्सपी सोडायला तयार नाहीत. हार्ड डिस्क गेली, त्यांनी दुसरी आणली, सीडी घातली आणि थोड्या वेळाने मला फोन केला. "अहो, निळी स्क्रीन आली, लांबलचक नंबर होता. घाबरून बंदच केलं मशीन."

मी विचारलं, "नंबर राहू द्या. आली कधी? फाइली लोड होत असताना, की मशीन एकदा रिस्टार्ट झाल्यावर?"

"पहिल्यांदाच. 'स्टार्टिंग विंडोज' असं काहीतरी खाली आलं आणि लगेच."

निदान तिथेच निम्मं झालं होतं. नवीन माणूस नेमकं हेच टिपत नाही. कोड लिहून घेतो, पण तो कुठल्या टप्प्यावर आला हे विसरतो. पुढे जे लिहिलंय ते एक्सपी आणि विंडोज ७ या दोघांपुरतं आहे, कारण आजही दुरुस्तीला येणारी जुनी मशीन बहुतेक याच दोन जातींची असतात.

हात लावण्याआधी

डेटा दुसरीकडे कॉपी करा. ही सूचना सगळेच देतात आणि सगळेच टाळतात. इथे टाळू नका, कारण खालचे दोन-तीन उपाय डिस्क कोरी करणारे आहेत.

एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आली, विंडोज ७ आली २००९ च्या ऑक्टोबरात. पहिलीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, दुसरीचे सर्वसामान्य ग्राहकांसाठी १४ जानेवारी २०२० ला. त्यामुळे असलं मशीन नेटपासून लांबच ठेवायचं. बँकेचं काम त्यावर नाही म्हणजे नाही.

मशीनलाच काही जोडायचं नसेल, फक्त जुनं सॉफ्टवेअर उघडायचं असेल, तर आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे नव्या मशीनच्या आत आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकून बघा. खालच्या निम्म्या भानगडी तिथे येतच नाहीत. पॅरलल पोर्टचा डोंगल किंवा जुनं कार्ड असेल तर मात्र खरं मशीनच लागतं.

आणि कॅबिनेटवरच्या स्टिकरवरची प्रॉडक्ट की आणि हातातली सीडी एकाच जातीची आहे का, तेही बघा. मशीनसोबत आलेली ओईएम की दुकानातल्या रिटेल सीडीला चालत नाही. की बरोबर टाइप करूनही "चुकीची आहे" असा निरोप येतो आणि माणूस तासभर बी आणि आठ यांत गोंधळत बसतो.

कोड वाचायचा कसा

पडद्यावर कोड इंग्रजी अंक-अक्षरांत असतात, इथे मी ते देवनागरीत लिहितोय. सुरुवातीचं "शून्य-एक्स" आणि त्यामागची शून्यांची माळ सोडून द्या, शेवटचं काय आहे तेवढं बघा. ही सोळाच्या आधाराची मोजणी आहे: शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ. म्हणजे ७बी मधला "बी" हाही आकडाच.

कोड दोन घराण्यांचे असतात. निळ्या स्क्रीनवर "स्टॉप" या शब्दापुढे येतात ते एक. ७बी, ए५, ५०, ७ई ही मंडळी त्यातली. कंसात आणखी चार आकडे असतात, आणि कधी कधी खाली एखाद्या फाइलचं नाव असतं, शेवट "डॉट एसवायएस" असा. ते नाव कोडाइतकंच महत्त्वाचं. मोबाइलने फोटो काढा. स्क्रीन चमकून लगेच मशीन रिस्टार्ट होत असेल तर व्हिडिओ घ्या आणि नंतर थांबवून बघा. विंडोज टाकून झालेली असेल तर सुरू होताना एफ८ दाबून आपोआप रिस्टार्ट होणं बंद करता येतं.

दुसरं घराणं विंडोज ७ च्या सेटअपमध्ये छोट्या चौकटीत येतं, आणि बहुतेक वेळा ८००७ ने सुरू होतं. यांचं गुपित सोपं आहे. ८००७ म्हणजे "हा विंडोजचा नेहमीचा एरर आहे" एवढंच, खरी गोष्ट शेवटच्या चार आकड्यांत. समजा ८००७०५७० आला. दुसऱ्या चालू मशीनवर कॅल्क्युलेटर उघडून प्रोग्रामर मोड लावा, हेक्स निवडून ५७० टाइप करा, मग डेसिमलवर क्लिक करा. १३९२ मिळेल. आता कमांड प्रॉम्प्टवर "नेट", एक जागा, "हेल्पएमएसजी", एक जागा आणि १३९२ असं लिहून एंटर मारा. विंडोज स्वतःच सांगते की फाइल किंवा फोल्डर खराब झालंय, वाचता येत नाही. याच रीतीने ००१७ चे २३ होतात, म्हणजे डेटा वाचताना तपासणीची बेरीज जुळली नाही. ००७० चे ११२, डिस्कवर जागा नाही. ०४५डी चे १११७, डिस्क किंवा ड्राइव्हशी देवाणघेवाण करतानाच गडबड. एवढी एक युक्ती हातात असली की कोडांच्या याद्या पाठ कराव्या लागत नाहीत.

अर्थात यातून कळतं ते विंडोज कुठे अडली एवढंच. का अडली, ते आपण शोधायचं.

एक्सपी: ७बी

छापखान्यातला कोड हाच होता, आणि एक्सपीच्या बाबतीत पहिला संशय नेहमी याच्यावरच घ्यावा. अर्थ असा की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं ती विंडोजला दिसत नाहीये. कधी निळ्या स्क्रीनऐवजी "या संगणकात हार्ड डिस्क सापडली नाही" असा साधा निरोप येतो. रोग तोच.

कारण वयाचं आहे. साटा या जोडणीच्या डिस्कशी बोलायची एएचसीआय नावाची पद्धत २००४ मध्ये आली, एक्सपी २००१ ची. तिच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर असणार कुठून? डिस्क, केबल, सीडी सगळं धडधाकट असतं आणि तरी ७बी येतो.

उपाय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये. मशीन चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. आत साटा मोड, साटा कॉन्फिगरेशन किंवा स्टोरेज अशा नावाखाली एएचसीआय दिसेल. तिथे आयडीई, म्हणजे एक्सपीला कळणारी जुनी पद्धत, निवडा. काही मदरबोर्डांवर त्यालाच एटीए, कम्पॅटिबल किंवा लेगसी म्हणतात. एफ१० दाबून सेव्ह करा आणि सीडी पुन्हा लावा.

त्याच मशीनमध्ये दुसऱ्या डिस्कवर आधीची विंडोज असेल तर सावध. ती एएचसीआयवर टाकलेली असली, की मोड बदलल्यावर तिलाच ७बी येऊ लागतो.

अलीकडच्या बोर्डांत आयडीईचा पर्यायच काढून टाकलेला असतो. अशा वेळी ड्रायव्हर हाताने द्यावा लागतो. सेटअपच्या सुरुवातीला खालच्या पट्टीत एफ६ दाबायला सांगतात ते यासाठीच, पण तो ड्रायव्हर एक्सपी मागते फ्लॉपीवरून! फ्लॉपी ड्राइव्ह आता कोणाकडे? म्हणून एनलाइटसारख्या टूलने ड्रायव्हर आधीच सीडीत मिसळून नवी सीडी राइट करायची.

ए५, आणि एफ७ नावाची चोरवाट

ए५ म्हणजे बायोस आणि विंडोज यांचं वीज-व्यवस्थापनावरून (त्या पद्धतीचं नाव एसीपीआय) जमत नाहीये. खाली एसीपीआय डॉट एसवायएस हे नाव दिसलं तर शंका उरत नाही. बायोसचं नवं व्हर्जन मिळत असेल तर तो सरळ मार्ग. मिळत नसेल तर एफ६ चा निरोप खाली येतो त्याच क्षणी एफ७ दाबा. पडद्यावर काहीही होत नाही, आवाज नाही की निरोप नाही. म्हणून लोकांना वाटतं दाबलंच गेलं नाही. दोन-तीनदा दाबा आणि वाट बघा.

याची किंमत असते. एसीपीआयशिवाय टाकलेली एक्सपी एकच कोअर वापरते, आणि शट डाउन केल्यावर "आता बंद करायला हरकत नाही" असं लिहून थांबते, पॉवर बटण आपणच दाबायचं. छापखान्याला चालतं. घरी बहुतेकांना चालत नाही.

५०, ७ई, १ए, आणि "ही फाइल कॉपी होत नाही"

हे वेगवेगळे कोड मी मुद्दाम एका ओळीत घेतोय, कारण सेटअप चालू असताना ते आले की माझा हात आधी रॅमकडे जातो. "टीएक्सटीसेटअप डॉट एसआयएफ खराब आहे, स्टेटस १८" हा निरोपही त्याच गोतावळ्यातला.

मशीन बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जातो. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. खालच्या कडेला सोनेरी दात दिसतील. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने ते दोन्ही बाजूंनी हलके पुसा, रबराचा चुरा ब्रशने झाडा, फुंकर मारू नका, तोंडातली वाफ लागते. स्लॉटमध्येही कोरडा ब्रश फिरवा. पट्टीची खाच जुळवून दोन अंगठ्यांनी दाबा, दोन्ही खिट्ट्या "टक्" करून बसल्या पाहिजेत. हा उपाय गावठी वाटतो, पण दमट हवेत वर्षानुवर्षं पडून असलेल्या मशीनवर तो किती वेळा लागू पडलाय याची मोजदाद नाही.

तरीही अडत असेल तर दोनपैकी एकच पट्टी ठेवून बघा, मग दुसरी. शंका उरली तर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावा. एकही लाल ओळ आली तर ती रॅम बाद.

फाइल कॉपी होत नसेल तर एक गोष्ट बघा. दर वेळी त्याच फाइलवर अडतं का? तसं असेल तर सीडीवर ओरखडा आहे किंवा ती नीट राइट झालेली नाही, चारच्या स्पीडने नवी काढा. अडणारी फाइल दर वेळी वेगळी असेल तर रॅम किंवा केबल. माझा हा अंदाज क्वचितच चुकलाय.

कोड नसलेली दोन भुतं

फाइली कॉपी झाल्या, मशीन रिस्टार्ट झालं, आणि पुन्हा पहिल्यापासून तोच निळा सेटअप! काही बिघडलेलं नसतं. "सीडीवरून सुरू करायला कोणतंही बटण दाबा" असं दुसऱ्यांदा आलं की दाबायचं नसतं, आणि नवीन माणूस इमानाने दाबतो. पेन ड्राइव्ह असेल तर रिस्टार्टच्या वेळी बूट ऑर्डरमध्ये डिस्क पहिली करा.

"एनटीएलडीआर इज मिसिंग", म्हणजे विंडोज सुरू करून देणारी फाइल सापडत नाही, हे दुसरं. आधी बघा, कुठला तरी पेन ड्राइव्ह मागे खोचलेला राहिला नाही ना. नसेल तर सीडीवरून रिकव्हरी कन्सोलमध्ये जाऊन फिक्सबूट आणि फिक्सएमबीआर चालवा.

सर्व्हिस पॅक नसलेली अगदी पहिली एक्सपी असेल तर १३७ जीबीपेक्षा मोठी डिस्क तिला पूर्ण दिसत नाही. तो बिघाड नाही, एसपी१ पासून ते सुटलं.

विंडोज ७: ड्रायव्हर मागणारी डीव्हीडी

इथे सगळ्यात जास्त छळतो तो कोड नसलेला निरोप: सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही. हातात डीव्हीडी नसतेच, पेन ड्राइव्ह असतो, त्यामुळे माणूस चक्रावतो. खरं कारण असं की विंडोज ७ ला यूएसबी ३ ओळखता येत नाही. बायोसने पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू करून दिला, पण सूत्रं विंडोजच्या हाती गेल्यावर तिला तो पेन ड्राइव्हच दिसेना. निळ्या (यूएसबी ३) पोर्टातून काढून काळ्या (यूएसबी २) पोर्टात लावा, रद्द करून पुन्हा सुरू करा. बऱ्याचदा एवढ्यावर सुटतं.

२०१५ च्या सुमारास आलेल्या, इंटेलच्या सहाव्या पिढीच्या मशीनवर मात्र काळं पोर्टही उपयोगाचं नाही, कारण त्या चिपसेटमधून यूएसबी २ चा जुना कंट्रोलरच काढून टाकला. तिथे कीबोर्ड-माउसही मरतात. यूएसबी ३ चे ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हमधल्या सेटअपमध्ये घालावे लागतात. मागे जांभळं-हिरवं गोल पीएस/२ पोर्ट असेल तर जुना कीबोर्ड काढून लावा, निदान सेटअपमध्ये हात तरी चालतील.

८००७०५७० आणि त्याची भावंडं

"फाइली एक्सपांड होत आहेत" या टप्प्यावर हा येतो. वर अर्थ पाहिला: फाइल वाचता येत नाही. म्हणजे जिथून वाचतोय ते, जिथे लिहितोय ते, किंवा मधली रॅम, या तिघांपैकी एक. एका वेळी एकच बदलून बघायचं. तिन्ही एकदम बदललीत तर काम होईल, पण दोषी कोण ते कळणार नाही आणि धड रॅम भंगारात जाईल.

मी आधी आयएसओ फाइल, म्हणजे सेटअप डीव्हीडीची फाइलरूपातली प्रत, तपासतो. दुसऱ्या मशीनवर सर्टयूटिल कमांडने तिचा हॅश, म्हणजे फाइलचा अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, काढायचा आणि मूळ हॅशशी ताडायचा. जुळत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ, फाइलच अर्धवट उतरलीय. जुळला तर पेन ड्राइव्ह बदला, मग रॅम, मग साटा केबल. डिस्क शेवटी.

सेटअप चालू असताना शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबलं की काळी कमांड विंडो उघडते. तिथे नोटपॅड असं टाइप करा, आणि एक्स ड्राइव्हमधल्या विंडोज, त्यातल्या पँथर फोल्डरमधली सेटअपएरर डॉट लॉग उघडा. चौकटीत न सांगितलेलं बरंच काही तिथे सापडतं. शेवटच्या दहा-बारा ओळी पुरतात.

"या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही"

खाली जीपीटीचा उल्लेख असेल तर डिस्क नव्या पद्धतीने आखलेली आहे आणि सेटअप जुन्या बायोस पद्धतीने सुरू झालाय. ३२-बिट विंडोज ७ असेल किंवा मशीन जुनं असेल तर डिस्कच एमबीआर, म्हणजे जुन्या आखणीची, करायची. शिफ्ट-एफ१०, मग डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क. इथे थांबा. आकार वाचा. आपली डिस्क शून्य नंबरची आहे की एक, याची दोनदा खात्री करा, कारण पुढची "क्लीन" कमांड "नक्की ना?" असं विचारत नाही. सिलेक्ट डिस्क आणि तो नंबर, क्लीन, कन्व्हर्ट एमबीआर, एक्झिट. मग मागच्या पानावर रिफ्रेश. एमबीआरमध्ये २ टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) असलेल्या मशीनवर सिक्युअर बूट बंद करा आणि सीएसएम (जुन्या बायोससारखं वागायची सोय) चालू. नाहीतर "स्टार्टिंग विंडोज" वर लोगो तासभर तसाच.

टाकून झाल्यावर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी चिन्हं दिसतील. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही, सगळ्यात सोपा. कोड १० म्हणजे टाकलाय पण उपकरण सुरू होत नाही, बहुधा चुकीच्या मॉडेलचा. कोड ५२ विंडोज ७ च्या ६४-बिटवर भेटतो: ड्रायव्हरवरची डिजिटल सही पटत नाही. नव्या सह्या एसएचए-२ पद्धतीच्या असतात आणि ताज्या टाकलेल्या विंडोज ७ ला त्या धड ओळखता येत नाहीत. एसपी१ आहे याची खात्री करून केबी४४९०६२८ आणि त्यानंतर केबी४४७४४१९ हे दोन अपडेट हाताने टाका. विंडोज अपडेट ८००७२ईएफई देऊन अडत असेल तर तिथेही आधी हीच जोडी.

त्याआधी घड्याळ बघा. तारीख मागच्या दशकातली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल गेलाय.

या सेलवरून आठवलं. छापखान्याचं मशीन आयडीई करून मी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन: ७बी! रात्री मेन स्विच बंद केला होता, सेल मेलेला, बायोस सगळं विसरला आणि साटा मोड आपोआप एएचसीआयवर गेला. मी आदल्या दिवशी तारीख चुकीची दिसूनही दुर्लक्ष केलं होतं. नाण्याएवढ्या सेलसाठी दुसरी फेरी पडली.

एक्सपीवर मराठी युनिकोड हवं असेल तर आणखी एक काम राहतं. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज, लँग्वेजेस टॅब, आणि "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट" असं लिहिलेल्या चौकटीत टिक. ते केलं नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. टिक केल्यावर सीडी मागतात, तेव्हा ती काढून ठेवू नका, आय३८६ फोल्डर दाखवावा लागतो. विंडोज ७ मध्ये हे आधीपासूनच असतं.

सगळं चालू झालं की क्लोनझिलाने पूर्ण डिस्कची एक प्रत काढून ठेवा. आणि एका कागदावर लिहा: साटा आयडीई, एफ७ वापरलं की नाही, सेल कधी बदलला, कोणती रॅम कोणत्या स्लॉटमध्ये. तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, पंख्यापासून लांब, सेलोटेपने चिकटवा. छापखान्यात आता तसा लावलाय.